पालटचा हप्ता

आमची भिशी माझ्या दुकानात भरते. औरंगपुऱ्यात पुस्तकांच्या दुकानांमागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, प्रबंध, कवितासंग्रह, जे येईल ते इथं टाइप होतं. भिशीत सगळे याच धंद्यातले. दर महिन्याला सगळ्यांनी ठरलेली रक्कम टाकायची, चिठ्ठी काढायची आणि नाव निघेल त्यानं सगळी उचलायची, जगात सगळीकडं असते तशीच. फक्त आमच्याकडं एक जादा रीत आहे. ज्याची चिठ्ठी निघते त्यानं पैसे खिशात घालायच्या आधी पालटचा हप्ता बाजूला काढायचा. गेल्या महिन्यात चिठ्ठी बोर्डेंची निघाली. बोर्डे म्हणजे फ्लेक्सवाले, आमच्या संघटनेचे अध्यक्ष. त्यांनी नोटा घेतल्या, सरळ खिशात घातल्या आणि चहाचा कप उचलला. मी म्हणलं, "अध्यक्ष, हप्ता?" तर म्हणतात कसे, "आता कशाचा हप्ता, सुरेखाताई? सर तर गेले."

माझं डोकंच फिरलं. हातातला कप असा आपटला की बशीला तडा गेला. बरं, बोर्डे काही वाईट माणूस नाही. सरांच्या मयतीत सगळ्यांत जास्त धावपळ त्यांनीच केली, डोळेही पुसले. पण माणूस गेला की त्याचं कामही त्याच्याबरोबर गेलं, असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं. मी त्यांना जे उत्तर दिलं ते शेवटी सांगते. खिल्लारे सर कोण होते हे कळल्याशिवाय ते उत्तर कुणाला कळायचं नाही.

सर म्हणजे दादाराव खिल्लारे. उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह. माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचं बस्तान होतं. माझी सासू पहिल्यांदा दुकानात आली तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाली, "येवढा शिकलेला माणूस, आन् गळ्यात ताईत?" सरांचं घर बौद्ध. ताईत-गंडे राहू द्या, मुहूर्त बघून त्यांनी कधी चप्पलसुद्धा घेतली नाही. सासूचं बोलणं त्यांनी ऐकलं. हसून म्हणाले, "आजी, ताईतच हाय. पण तुमच्या सुनंच्या दुकानासाठी बांधलाय."

खोटं नव्हतं ते. त्या पेनड्राइव्हमध्ये पालट असायचं. पालट हे सरांनी लिहिलेल्या प्रोग्रामचं नाव. आमच्या धंद्याची अडचण अशी, की पूर्वी आम्ही मराठी टाइप करायचो ते ज्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये. तो फॉन्ट असला तर मराठी दिसायची, नसला तर नुसते कंस, आकडे आणि बघून डोळे फिरतील असली चिन्हं. जुनं पुस्तक नव्या कॉम्प्युटरवर उघडलं की हा असा कचरा. मोबाइलवर तर विचारूच नका. पालट त्या जुन्या अक्षरांची नवी अक्षरं करतं, कुठंही उघडतील अशी. चहा संपेपर्यंत अख्खं पुस्तक पालटून तयार. नाहीतर पहिल्या पानापासून पुन्हा टाइप करत बसा.

आणि हे त्यांनी वाटून टाकलं होतं. कुणीही घ्यावं, वापरावं, आतली मांडणी उघडून बघावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं, शेजाऱ्याला द्यावं. अट एकच, की दुरुस्ती केली तर ती दाबून ठेवायची नाही, सगळ्यांसाठी खुली करायची. औरंगपुऱ्यातले प्रकाशक, कोर्टाजवळचे टायपिस्ट, जालन्या-परभणीचे छापखाने, शाळांचे क्लार्क, सगळे पालटवर. पैसे कुणीच देत नव्हतं, कारण कुणी मागतच नव्हतं.

सर एका खाजगी कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे. म्हणजे जेवढे तास तेवढेच पैसे, सुट्टीत काहीच नाही, आणि आहेत ते हातात पडायलाही वाट बघायची. उरलेला सगळा वेळ वरच्या खोलीत, नाहीतर माझ्या दुकानात कागदाच्या रिमांच्या गठ्ठ्यावर. खुर्ची रिकामी असली तरी बसायचे नाहीत. "खुर्ची गिऱ्हाइकाची," म्हणायचे. चहा मागायचे, मग विसरायचे, आणि साय धरली की बशीत ओतून चवीनं प्यायचे. मी गरम करून देते म्हणलं तर नको. थंड चहाच आवडायचा की माणसाला आमचा गॅस वाचवायचा होता, देव जाणे.

त्यांचा फोन दिवसभर वाजायचा. कुणाची वेलांटी एक घर पुढं सरकलेली, कुणाचा अनुस्वार उडालेला. समोरचा हमखास ओरडायचा, "सर, पालट चालत नाय!" आणि सरांचं ठरलेलं उत्तर, अगदी सावकाश, "चालत नाय म्हणू नका. काय दिसतंय ते सांगा." माणूस चिडायचा. सर पुन्हा म्हणायचे, "चिडा, पण बघून सांगा. पडद्यावर काय दिसतंय?" मग हळूहळू समोरचा सांगायला लागायचा आणि सांगता सांगता अर्धा राग तिथंच उतरायचा. मला सुरुवातीला वाटायचं, ही कॉम्प्युटरवाल्यांची काहीतरी पद्धत असेल. तसं नव्हतं. सर सगळ्यांनाच तसं विचारायचे.

माझे मिस्टर गेले त्या वर्षीची गोष्ट. मी दुकान उघडायचे आणि नुसती बसून राहायचे. एक दिवस सर खाली आले, रिमांवर बसले. मी म्हणलं, "सर, मी हे बंद करते. नाय चालत आता माझ्यानं."

"नाय चालत म्हणू नका, ताई. काय दिसतंय ते सांगा."

असा राग आला मला! हा काय प्रश्न झाला विधवा बाईला विचारायचा? म्हणलं, "काय दिसायचंय? बंद पडलेला प्रिंटर दिसतोय. धूळ दिसतीय. ह्यांचा चष्मा दिसतोय टेबलावर, जसा ठेवून गेले तसा." आणि मग मला रडूच फुटलं. सर रिमांवर बसून राहिले. रडून झालं तसे उठले आणि म्हणाले, "चष्म्याचं मला काय करता येत नाय. प्रिंटरचं बघतो." सगळी दुपार त्यांनी तो प्रिंटर उलगडून पुसला, जोडला, चालू केला. चष्म्याला हात लावला नाही. तो अजून तिथंच आहे आणि दुकानही चालू आहे. त्या दुपारी मला कुणी "धीर धर" म्हणलं असतं, तर मी खरंच शटर ओढून घरी गेले असते.

पुण्याच्या एका कंपनीचा माणूस आला होता, तेही सांगायला पाहिजे. गाडी बोळात शिरेना म्हणून तिकडं लांब लावून घामाघूम होऊन आला बिचारा. म्हणाला, आम्हाला पालट विकत घ्यायचंय. सरांनी त्याच्यासाठी चहा सांगितला. मग गळ्यातला पेनड्राइव्ह काढून त्याच्यापुढं ठेवला. "घ्या की. विकत कशाला? असंच न्या. तुमच्या गिऱ्हाइकाला विका, माझी ना नाय. फक्त जी सुधारणा कराल ती उघडी ठेवा."

तो म्हणाला, "सर, तसं नाही. आम्हाला फक्त आमच्यासाठी पाहिजे. बाकीच्यांसाठी तुम्ही ते बंद करायचं."

"मग माझ्या ह्या ताईनं काय करायचं?" सरांनी माझ्याकडं हात केला.

"त्यांनी आमच्याकडून विकत घ्यायचं."

सर एवढे गोरेमोरे झाले, जणू त्यांनीच काही वाईट बोलून टाकलंय. म्हणाले, "साहेब, चहा घ्या. थंड होतोय." स्वतःचा चहा गार करून पिणारा माणूस हा! एवढ्यावर विषय संपला. जाताना त्याला सांभाळून नाली ओलांडून दिली आणि गाडीपर्यंत सोडून आले.

मी वर जाऊन त्यांच्यावर तोंडसुख घेतलं. म्हणलं, असं कसं चालेल, पैसा कुठून येणार? तेव्हा वहिनी तिथंच होत्या, डबा घेऊन आलेल्या. वहिनी म्हणजे सरांच्या बायको, सरकारी दवाखान्यात सिस्टर. ठसठशीत बाई, बोलणं एकदम रोखठोक. त्या म्हणाल्या, "सुरेखाताई, पालटला पैसा कोण देतं, विचारा ना. मी देते. तुमच्या सगळ्यांच्या वेलांट्या माझ्या नाइट ड्यूटीवर चालल्यात." सरांनी मान खाली घालून भाकरी मोडली. खरं होतं ते. घर वहिनींच्या पगारावर, खोलीचं भाडं वहिनींच्या पगारावर, नेटचं बिलही. आम्ही सगळे फुकट फुकट म्हणून जे वापरत होतो, ते त्या बाईच्या पायांच्या गोळ्यांतनं येत होतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा हे उमगलं आणि जेवण गोड लागलं नाही.

बोर्डेंना विचारा, ते तेव्हा म्हणायचे, "पण ताई, ते तर एकदा बनवून झालंय ना? आता खर्च कसला?" यावर वहिनींनीच उत्तर दिलं होतं. "का हो, तुमच्या घरी एकदा स्वयंपाक केला की जन्मभर जेवता का तुम्ही?" कारण पालट कधी बनवून होतच नाही. कॉम्प्युटर स्वतःला अपडेट करून घेतो, पुस्तकं लावायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती येते, आणि काल नीट चाललेलं पालट आज रफार खायला लागतं. मग सर बसतात, शोधतात, बसवतात. पुन्हा काहीतरी बदलतं. हे अखंड चालू.

मग मी संघटनेच्या बैठकीत विषय काढला. सगळ्यांना पटला. वर्गणी काढली, आणि खोटं कशाला बोलू, लोकांनी हात सैल सोडून दिली. मी म्हणलं, आता ही रक्कम सरांना देऊन टाकू. बोर्डे म्हणाले, "नुसते पैसे हातात द्यायचे? बरं दिसतं का ते? माणसाचा मान राखायला नको?" झालं. सगळे मानाच्या मागं लागले. मी बोलत राहिले आणि कुणी ऐकलं नाही. हॉल ठरला. स्टेजभर फ्लेक्स, त्यावर सरांचा फोटो एवढा मोठा की शर्टाचं तुटलेलं बटण दिसत होतं. फेटा, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, हार, पेढे, निवेदक, साउंडवाला, वर व्हिडिओवाला. मान राखता राखता वर्गणी संपली. सरांच्या कामासाठी गोळा केलेल्या पैशातनं सरांच्या कामासाठी एक दमडी उरली नाही, आणि हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. आपल्याकडंच होऊ शकतं हे!

सरांना बोलायला उभं केलं. फेटा डोळ्यांवर येत होता, तो सावरत माइकसमोर आले. म्हणाले, "मला भाषण येत नाय. इतके जण आलेच हायेत, तर कुणाला काय अडचण आसंल तर सांगा." मग मागच्या रांगेतनं परभणीचा एक जण उठला, "सर, माझी जोडाक्षरं फुटायलीत." त्याच्यामागं दुसरा. बघता बघता स्टेजसमोर पेनड्राइव्ह घेऊन रांग लागली. सर अंगावरच्या शालीसकट स्टेजच्या कडेला बसले आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन एकेकाला विचारायला लागले, "काय दिसतंय?" निवेदक बिचारा माइक धरून उभाच. शेजारी बसलेल्या वहिनी मला म्हणाल्या, "बघा. सत्कारातबी ड्यूटी." आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र हसूही येत होतं आणि संतापही.

दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, "शाल लई उबदार हाय बरं का, ताई. बोर्डेंनी चांगली निवडली." टोमणा नव्हता तो. त्या माणसाला टोमणा मारताच यायचा नाही.

पुढं वहिनी निवृत्त झाल्या. पेढे घेऊन दुकानात आल्या आणि पेढा माझ्या हातावर ठेवता ठेवता म्हणाल्या, "सरांनी पुण्याची नोकरी धरली. पुढच्या महिन्यात जायचंय." मी सरांकडं बघितलं. ते रिमांवर बसून पेनड्राइव्हचा दोरा बोटाला गुंडाळत होते. म्हणाले, "पेन्शन घरापुरती होतीय. पोरीचं शिक्षण राहिलंय. आन् त्यांच्या करारात लिहिलंय की बाहेरचं काम करायचं नाय."

"मग पालट?"

"उघडंच हाय की. कुणीबी करील."

"कोण करील, सर?"

सरांनी बोटावरचा दोरा सोडला आणि पुन्हा गुंडाळला. मला त्यांचा राग येत नव्हता, आमचा येत होता. दवाखान्यात रात्री जागणारी बाई थकली तशी आमची सगळ्यांची अक्षरं उघड्यावर पडली होती.

त्याच आठवड्यात भिशी होती. सगळे जमले, बातमी कळली, सगळ्यांची तोंडं उतरली. बोर्डे म्हणाले, "आपण पुन्हा एक कार्यक्रम घेऊ. या वेळी मोठा." मी ताडकन म्हणलं, "अध्यक्ष, शाल पांघरून रफार दुरुस्त होतो का?" चिठ्ठ्यांचा डबा माझ्या मांडीवर होता. तो बघता बघताच मला सुचलं. म्हणलं, सत्कार एकदा होतो आणि संपतो. आपल्याला दर महिन्याचं काहीतरी पाहिजे, आणि दर महिन्याला न चुकता आपण एकच गोष्ट करतो. भिशी. कुणाच्या घरी लग्न असो नाहीतर मयत, भिशीचा हप्ता कुणी चुकवलाय का? मग ज्याला भिशी लागंल त्यानं आधी पालटचा हप्ता काढायचा. पैसे हातात आलेले असतात, तेव्हा माणसाचा जीवही जात नाही द्यायला.

कुणीतरी म्हणलं, "पालट काय माणूस हाय का?" मी म्हणलं, "तुझ्यापेक्षा जास्त काम करतंय."

सरांना वरनं बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि सरळ नको म्हणाले. "मी दिलंय ते मोकळं दिलंय. आता हप्ता घेतला तर ते मोकळं कसं राहील?"

तेव्हा दारात उभ्या वहिनी म्हणाल्या, "तुमचे बाबा काय म्हणायचे, ते सांगा की यांना."

मग सरांनी सांगितलं. त्यांचं गाव फर्दापूरच्या बाजूला. त्यांचे वडील तिथल्या लेण्यांत उजेड धरायचे. पूर्वी आत दिवे नव्हते, तेव्हा बाहेर उन्हात आरसा धरून, आतल्या पांढऱ्या कापडावर ऊन पाडून लोकांना चित्रं दाखवायचे. लहानपणी सर त्यांच्याबरोबर जायचे. वडील आतल्या माणसाला ओरडून विचारायचे, काय दिसतंय? तो म्हणायचा, हात दिसतोय, कमळ दिसतंय. चेहरा दिसत नाय म्हणाला की वडील आरसा एवढासा हलवायचे. "जाताना कुणी हातावर काय ठेवायचं, कुणी तसंच जायचं," सर म्हणाले. "एक पाहुणा बाबांना म्हणला, ऊन तर फुकट हाय, त्याचे पैसे कसले? बाबा म्हणले, साहेब, ऊन फुकटच हाय. हात दुखतो."

मग बोर्डेंनीच, हो, बोर्डेंनीच, घसा साफ केला आणि म्हणाले, "सर, उन्हाचे नाय देत आम्ही. हाताचे घ्या."

सरांनी डोळे पुसले. म्हणाले, "पण भिशीत शिरलं की मधे सोडता येत नाय. मलाबी नाय आन् तुम्हालाबी नाय." पुण्याची नोकरी त्यांनी कळवून नाकारली. आमचं बघून शहागंजातल्या पत्रिकावाल्यांनी त्यांच्या भिशीत हीच रीत सुरू केली, मग जालन्याच्या छापखानेवाल्यांनी. श्रीमंती काही आली नाही. पण खोलीचं भाडं सुटलं, पोरीची फी निघाली, वहिनींनी पाय पसरून झोपायला सुरुवात केली, आणि सर कुणाला न लाजता दिवसभर पालटवर बसायला लागले.

त्या हप्त्यातनं सरांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर शबानाला कामावर बसवलं. शबाना शहागंजातल्या एका पत्रिकांच्या दुकानाची सून. तिनं एकदा फोन केला होता तो तक्रारीचाच, पण "चालत नाय" न म्हणता तिनं कुठल्या अक्षरानंतर काय दिसतंय, कुठल्या अक्षरानंतर दिसत नाही, हे असं धडाधड सांगितलं की सर फोनवरच म्हणाले, "बाई, तुम्ही इकडं या." तिनं पालट आतनं उघडून बघितलंच होतं. मग दुपारी दुकान सासऱ्यांवर सोडून ती यायची. हप्त्यातला वाटा सर तिला द्यायचे. ती म्हणायची, "सर, मैं तो सीखने को आती, पैसे कायकू?" सर म्हणायचे, "शिकायचे नाय देत. हाताचे देतोय." येताना ती कधीमधी नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, आणायची. तो मात्र सर गरमच खायचे.

आता ते शेवटचं.

सरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं जड झालं. वहिनींच्याच जुन्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी डबा घेऊन गेले, तर वॉर्डात खिडकीपाशी सर आडवे, अंगावर सत्काराची शाल. मी बसले. तेवढ्यात उशाशी त्यांचा फोन वाजला. वहिनी म्हणाल्या, "बंद करा तो, ताई. जन्मभर वाजलाय." मी बंद करणार तेवढ्यात सरांनी डावा हात वर केला. नाव शबानाचं होतं. मी फोन त्यांच्या कानाला लावला, आवाज मोठा केला.

सरांनी सगळा जीव गोळा केला. "काय... दिसतंय?"

ती पलीकडं एकदम रडायलाच लागली. मग सावरली. नवीन अपडेट आलं होतं, सगळ्यांचे रफार उडाले होते, सकाळपासून फोनवर फोन. सर सांगायला लागले, पण शब्द निघेना. ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. इतका केविलवाणा माणूस मी कधी बघितला नव्हता. मी फोन काढून घेणार, तोच ती म्हणाली, "सर, रुको. आप बोलो नक्को. मैं बोलती, आप सिर्फ 'हूं' बोलो."

आणि ती सांगत गेली. कुठं काय बदललंय असं तिला वाटतंय, ती काय करून बघणार आहे. सर म्हणाले, "हूं." ती पुढं गेली. "हूं." एका जागी सर काही बोललेच नाहीत. ती थांबली. "अच्छा, यहां नहीं? उसके पहले?" सरांनी डोळे मिटले. "हूं." मग कीबोर्डचा आवाज. आम्ही तिघं कान देऊन ऐकत होतो. शेजारच्या खाटेपाशी बसलेली बाईसुद्धा ऐकत होती. आणि एकदम फोनमधनं ओरडणं आलं, "सर! आ गया! दिखरा, सर, रफार दिखरा!"

सरांनी डाव्या हातानं फोन हळूच बाजूला केला. चेहऱ्याची अर्धीच बाजू हसली, पण काय हसली! मग त्यांनी माझं मनगट धरलं, फोनकडं नजर केली, आणि तुटत तुटत म्हणाले, "ताई... आता... तिचा हात दुखल."

मला कळलं. वहिनींनाही कळलं. त्यांनी तोंडाला पदर लावला. मी म्हणलं, "हप्ता बंद होणार नाय, सर. भिशी मधे सोडता येत नाय." त्यांनी मनगट सोडलं, शाल छातीवर ओढून घेतली आणि खिडकीकडं तोंड करून पडून राहिले. ऊन होतं तिथं. मी त्यांना बघितलं ते शेवटचं.

बोर्डेंना मी दवाखान्यातलं हे एवढंच सांगितलं. चहा गार झाला होता, कुणी पीत नव्हतं. बोर्डेंनी खिशात हात घातला, सगळ्या नोटा काढून टेबलावर ठेवल्या, आणि त्यातनं पालटचा हप्ता वेगळा केला.

"द्या, मी ठेवते," मी म्हणलं.

"नको," बोर्डे म्हणाले. "शबानाकडं मीच नेऊन देतो."